जोशी, गुरव, मुलाणा: गावगाड्यातली धाकटी कास

पाणंद (धागाकर्ता)

साठीच्या दशकातली गोष्ट. जोंधळ्याची मळणी उरकून रास लागली होती आणि आज्जा सुपानं बलुतं, म्हणजे गावची कामं करणाऱ्यांचा धान्यातला वाटा, वाढत होता. आधी सुतार आणि लोहार, मग चांभार. त्यांच्या चवाळ्यात सुपांमागून सुपं पडत होती. जोशीकाका सगळ्यांच्या मागं, खळ्याच्या कडेला उपरणं सावरत उभे होते. त्यांची पाळी आली तेव्हा आज्ज्यानं एक सूप घातलं, वर दोन ओंजळी, आणि वाकून नमस्कार केला. घरी येताना मी विचारलं, नमस्कार एवढा मोठा मग जोंधळा एवढासा का? आज्जा म्हणाला, "नांगर मोडला तर सुतारावाचून रान पडून ऱ्हातं. तिथ न्हाय कळली म्हणून पेरा थांबत न्हाय."

पुढं कितीतरी वर्षांनी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात 'बलुतेदार' हा शब्द काढला आणि आज्ज्याचं बोलणं तिथं छापल्यासारखं सापडलं. बलुतेदारांच्या तीन कासा किंवा ओळी. थोरल्या कासेत सुतार, महार, लोहार, चांभार. मधलीत परीट, कुंभार, न्हावी, मांग. धाकटीत सोनार, मुलाणा, गुरव, जोशी, कोळी, रामोशी. ही नावं बारांपेक्षा जास्त भरतात, पण सगळीच्या सगळी एका गावात सापडत नाहीत, असंही तिथंच म्हटलंय. ग्रँट डफच्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासातली बारांची यादी थोडी वेगळी आहे, पण गुरव, जोशी आणि मुलाणा हे तिघं तीतही आहेत.

आपण शिवकाळातल्या किंवा पेशवाईतल्या धर्माबद्दल बोलायला लागलो की पैठणची ब्रह्मसभा, काशीचे पंडित, पुण्याची दक्षिणा इथंच घोटाळतो. पण खेड्यातल्या कुणब्याच्या घरी बारसं, लग्न, मर्तिक, नवस यांना उभा राहणारा माणूस गावातलाच होता आणि गावच्याच राशीवर जगत होता. माझं म्हणणं एवढंच आहे की जोशी, गुरव, मुलाणा ही माणसं धर्माची होती त्याच्या आधी गावाची होती. त्यांना नेमणारं वर कुणी धर्मपीठ नव्हतं. वतन बापाकडून मुलाकडं येई, भावाभावांत वाटलं जाई, अडचणीत गहाणही पडे. तंटा झाला की तो गोतसभेपुढं येई. तिथं पाटील, कुलकर्णी, चौगुला यांच्या जोडीला सुतार-न्हाव्यांपासून महारापर्यंत सगळं गाव बसलेलं असे. जोश्याचं वतन खरं की खोटं याची साक्ष चांभार देई. जगात इतरत्र असं कुठं होतं का ते मला सांगा, मला खरंच जाणून घ्यायचंय.

जोशीपण हे विद्येपेक्षा हक्काचं प्रकरण होतं. यजमानानं दुसऱ्या गावच्या ब्राह्मणाकडून लग्न लावून घेतलं तरी वतनदार जोशी आपली दक्षिणा मागू शके. उलट वतनदार गावात नसेल तर त्याच्या जागी बदली माणूस बसे. याचा मला सगळ्यात भावणारा दाखला संत बहिणाबाईंच्या आत्मचरित्रपर अभंगांत आहे. देवगावचं हे कुटुंब. वडील कुलकर्णी, पती भिक्षुकी करणारे. भाऊबंदकी आणि कर्ज यांच्यापायी घर सोडून निघालं, भिक्षा मागत पंढरपूर-शिंगणापूर करत रहिमतपुरास पोचलं. तिथल्या ग्रामोपाध्यायाला काशीयात्रेला जायचं होतं. त्यानं आपली वृत्ती या परक्या कुटुंबाच्या हवाली केली आणि गेला. तो परत आला तेव्हा यांनी पुन्हा गाठोडी बांधली आणि कोल्हापूरची वाट धरली. सतराव्या शतकातल्या भिक्षुकाच्या घरातल्या एका मुलीनं हे स्वतः सांगून ठेवलंय. वतन असलेला आणि नसलेला ब्राह्मण यांच्यात केवढं अंतर होतं ते यात दिसतं. एकाचं घर यात्रेला जाऊन आलं तरी जागेवर, दुसऱ्याचा संसार गाठोड्यात.

तुमच्या गावी काय होतं ते लिहा. ऐकीव असेल तरी चालेल, फक्त ऐकीव आहे म्हणून सांगा.

---

मोडीची_गोडी

पाणंदकाका, गोतसभेचा मुद्दा अगदी बरोबर. त्यात भर घालते.

महजराच्या, म्हणजे गोतसभेच्या निवाड्याच्या कागदाच्या, तळाशी सह्यांच्या जागी निशाण्या असतात. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, जोश्याचं पंचांग. पहिल्यांदा असा कागद हातात आला तेव्हा मी मजकूर सोडून त्या निशाण्याच बघत बसले होते. आरशाची मूठ, नांगराचा फाळ, सगळं दोन-चार रेघांत. लिहिणारा कुलकर्णी असतो, पण कागद खरा ठरतो तो या चित्रांनी. जोश्याला लिहितावाचता येई, तरी गोतात त्याची खूण इतरांच्याच रांगेत असते, हे तुमच्या म्हणण्याला धरूनच आहे.

दिव्याच्या, म्हणजे देवापुढं खरंखोटं ठरवायच्या परीक्षेच्या, वेळी मात्र जोश्याचं वजन वाढे. साक्षी-कागदांनी तंटा मिटला नाही की रवादिव्य होई. देवळात कढईत तेल-तूप तापवायचं आणि त्यातला धातूचा तुकडा, म्हणजे रवा, हातानं काढायचा. आधी हात धुऊन नखं काढत, हातावरचे जुने डाग-व्रण टिपून ठेवत. वादाचा मजकूर लिहिलेलं भालपत्र कपाळाला बांधत. रवा काढल्यावर हात पिशवीत घालून वर मोहोर करत, आणि दोन-तीन दिवसांनी सगळ्यांदेखत पिशवी सोडून बघत, हाताला फोड आलाय की नाही. संकल्प, मंत्र, भालपत्र ही बाजू ब्राह्मणाची, मोहोर दिवाणाची म्हणजे सरकारची, आणि बघायला गोत. निवाडा देवाचा म्हणत, पण बघणारे डोळे गावाचेच.

---

निय्यत_६५

काका, मी मुलाणी. सातारा जिल्ह्यातला. गावाचं नाव नको.

आमच्या घराण्याकडं मशिदीची दिवाबत्ती आणि गावचं बकरं हलाल करायचा मान. म्हणजे जत्रेला, नवसाला, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, शेतात सटवाईला किंवा म्हसोबाला बकरं पडायचं तर आमच्या आज्ज्याला सांगावा यायचा. सुरीवर निय्यत, म्हणजे हलाल करतानाचे शब्द, म्हटल्याशिवाय जुनी मराठा घरं वाटा तोंडात घालायची नाहीत. जत्रा गावच्या देवाची, बकरं पाटलाच्या घरचं, सुरी मुलाण्याची आणि काळजाचा तुकडा आमच्या घरी. माझ्या डोळ्यांपुढं झालेलं सांगतोय, ऐकीव नाही.

आज्जा नमाज पढवायचा पण अरबी त्याला अक्षर ओळखून येत नव्हती, पाठ होतं तेवढंच. शहरातले मौलवी यायचे ते म्हणायचे, हे कसले मुल्ला. पण गावात कुणी मेलं तर जनाजा आज्जाच पढवायचा, आणि मोहरमात ताबूत उठवायला पहिला खांदा पाटलाचा असायचा. आम्ही बलुत्याला सगळ्यांबरोबर खळ्यावर जायचो, तिथं कुणी वेगळं काढलं असं मी बघितलं नाही.

---

पाणंद

निय्यतभाऊ, फार मोलाचं लिहिलंत. डफनंही मुलाण्याबद्दल जवळपास हेच टिपलंय, निय्यतीच्या शब्दासकट. म्हणजे कमीत कमी १८२० च्या आसपासपासून तुमच्या आज्ज्यापर्यंत ही रीत अखंड चालत आली.

याच्याच जोडीची एक गोष्ट. जुन्या इनामपत्रांच्या शेवटी शपथ घातलेली असते: हे दान जो मोडील तो हिंदू असला तर त्याला गाईची आण, मुसलमान असला तर सुवराची. देवळाच्या नंदादीपाच्या कागदावर आणि दर्ग्याच्या चिरागीच्या कागदावर एकाच घाटाची वाक्यं असतात. लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं दोन्ही गावच्याच दिवाबत्त्या होत्या.

---

बेलपान

आम्ही गुरव. खरं सांगायचं तर आमच्या वाट्याला म्हणच आली: गुरवाचं लक्ष निवदावर. ती ऐकत लहानाची मोठी झाले, म्हणून बाजू मांडते.

देऊळ झाडणं, देवाला पाणी घालणं, बेल गोळा करणं, गावच्या लग्नाला पत्रावळी-द्रोण पुरवणं, पालखीपुढं शिंग-संबळ, सांजसकाळ दिवा. हे सगळं एका घरानं करायचं, आणि पोटाला धाकट्या कासेचं बलुतं आणि देवापुढचा निवद. मग लक्ष निवदावर असणार नाही तर कुठं असणार? पत्रावळीसाठी आजी रानात पळसाची पानं काढायला पहाटे जायची. पाचशे पानाचं जेवण असलं की चार दिवस बोटं हिरवी. आईची बोटं मी पाहिली आहेत.

शंकराच्या, मारुतीच्या, गावदेवीच्या देवळात गाभाऱ्यात रोज वावरणारा गुरव ब्राह्मण नाही, हे शहरात वाढलेल्यांच्या अजून ध्यानात येत नाही. जोशी देवळात फारसा नसे, तो घरोघरी असे. देऊळ आमचं होतं.

तळकोकणात तर कौलही गुरवच लावतो (काही गावांत घाडी). देवाच्या अंगाला तांदूळ किंवा कळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली की होय, डावी पडली की नाही. पेरणी, आजार, चोरी, हद्दीचं भांडण, सगळं त्या कळीवर. पंचांगवाल्यापेक्षा कौल लावणाऱ्याचा शब्द तिथं जड असे.

---

वेशीबाहेरची_वाट

धागा वाचून काही गोष्टी लिहाव्याशा वाटल्या. चिडून लिहीत नाही, पण सोडूनही देणार नाही.

"गावाची माणसं" म्हणताना ते गाव कुठपर्यंत होतं? माझी पणजी महारवाड्यातली. आमच्याकडं लग्न असलं की जोशी लांब उभा राहून मंगलाष्टकं म्हणायचा, असं ती सांगायची. (ऐकीव आहे, पण एकीकडूनच नाही, चार गावांतून ऐकलंय.) तिथी सांगायची तीही लांबून. दक्षिणा मात्र जमिनीवर ठेवली की पाणी शिंपडून उचलली जाई. गुरवाच्या देवळाची पायरी आम्हाला नव्हती. थोरल्या कासेत महाराचं नाव पहिल्या चारांत आहे हे पाणंदकाकांनी लिहिलं, ते खरं. जास्त सुपं मिळाली हेही खरं. पण नमस्कार? तुमच्या आज्ज्यानं वाकून नमस्कार कुणाला केला ते तुम्हीच लिहिलंय. धान्य एका मापानं आणि मान दुसऱ्या मापानं मोजला जात होता. धान्य कमी म्हणून जोशी दुबळा होता असं कुणी यातून काढू नये.

दुसरं. धर्माचं काम करणारे म्हणून तुम्ही तिघंच मोजलेत. मरीआईची पूजा कोण करत होतं? पटकी आली की गावावरून उतरवलेलं सगळं वेशीपार न्यायला कोण पुढं? अंगावर आसूड ओढणारा पोतराज कोणत्या वाड्यातला? कितीतरी गावांत पाटलाची होळी पेटायला आगटी महारांच्या होळीतून यायची, तो मान होता. ज्या देवाला गाव घाबरत होतं त्याचे पुजारी वेशीबाहेर राहत होते, आणि त्यांना पुरोहित म्हणायला आजही कुणाची जीभ वळत नाही.

---

पाणंद

ताई, तुमचा पहिला मुद्दा मी चुकवला होता. नमस्कार आणि सूप हे दोन्ही एकाच वेळी डोळ्यांपुढं असून मी सुपाचंच गणित मांडत बसलो. मान हीच जोश्याची खरी मिळकत होती आणि ती रास लागो न लागो, वर्षभर चालू असे. दुसरा मुद्दाही मान्य. धाग्याचं नाव आता बदलत नाही, पण मरीआईचे पुजारी त्यात हवे होते.

यालाच जोडून: मंत्र कुणी कुणासाठी म्हणायचा यावरून जी चीड साचत गेली ती १८७३ मध्ये सत्यशोधक समाज निघाल्यावर उघड झाली. भटाविना लग्नं लागू लागली, आणि वतनदार जोशी आपल्या दक्षिणेचा हक्क मागत इंग्रजी कोर्टात गेले. गोतसभेत जो हक्क सगळं गाव ओळखत होतं तो आता फिर्याद करून सिद्ध करायची वेळ आली.

---

सासष्टीकार

पाणंदबाब, तुम्ही विचारलंत की असं इतरत्र कुठं होतं का. फार लांब नको, गोव्यात या.

सासष्टी आणि बारदेश १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडं आले. सासष्टी जेजुइटांच्या वाट्याला, बारदेश फ्रान्सिस्कनांच्या, हे दोन्ही पाद्र्यांचे संघ. १५६७ मध्ये सासष्टीतली देवळं पाडली. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, कुठ्ठाळीचा मंगेश मंगेशीला, असे देव जुवारी नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडं, गेले. देवळांच्या जमिनी चर्चकडं वळवल्या. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेजुइट मारले गेले. त्यातला रुदोल्फ आक्वाविवा काही महिन्यांपूर्वी अकबराच्या दरबारातून परतला होता. मग बोलणी करायची म्हणून बोलावलेल्या कुंकळ्ळीच्या गांवकारांना, म्हणजे गावच्या जमिनीच्या मूळ हक्कदारांना, मारलं. हे सगळं घडलं, आणि त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही.

पण यानंतर काय झालं ते तुमच्या धाग्याशी जुळतं. गांवकारी मोडली नाही. गावच्या जमिनीचं उत्पन्न, त्यातला देवाकार्याचा खर्च, उरलेला गांवकारांचा जोण म्हणजे वाटा, ही घडी राहिली. आधी त्यातून देवळाचा खर्च भागे, आता इगर्जीचा, म्हणजे चर्चचा, भागू लागला. विगार म्हणजे गावचा पाद्री वरून नेमलेला, इथं तुमच्या जोश्याहून फरक मोठा. त्याला वतन नाही, वारस नाही. पण इगर्जीचं छप्पर, फेस्ताची म्हणजे सणाची मेणबत्ती, कोंफ्रारीचा (इगर्जीच्या मंडळाचा) लाल-निळा झगा कुणी घालायचा, मिरवणुकीत पुढं कोण, हे गांवकार ठरवत, आणि त्यावरून भांडणंही चालत. देव बदलला पण मानापानाची ओळ बदलली नाही. जातही आत शिरली: बामण आणि चारडो, कोंफ्रारी वेगवेगळ्या.

आणि कणसांचें फेस्त. रायच्या गावात ५ ऑगस्टला, ताळगावात २१ ऑगस्टला. पाद्री मिरवणुकीनं शेतात जातो, नव्या भाताची पहिली कणसं रुप्याच्या कोयत्यानं कापतात, तो ती आशीर्वादतो आणि मग ती घरोघर जातात. मी पोर असताना आई ते कणीस आल्तारावर लावायची, वर्षभर तिथंच. शेजारच्या हिंदू घरात चवथीला नवं कणीस दाराला लागतं. दोन्हींच्या आत भाताचा दाणा तोच.

विगाराला भाषा शिकावी लागे, हे राहिलंच. थॉमस स्टीफन्स इंग्लंडातून १५७९ मध्ये आला आणि १६१९ मध्ये वारला, मधली सगळी वर्षं बहुतेक सासष्टीच्या गावांत. १६१६ ला रायतूरला छापलेलं त्याचं क्रिस्तपुराण मराठी ओव्यांत आहे, कारण ऐकणारी माणसं पुराण ऐकणारी होती. ग्रंथाच्या आरंभीच एक ब्राह्मण विचारतो, आमची जुनी पुराणं बंद केलीत तर दुसरी का देत नाही? हा प्रश्न गावाचा होता आणि पाद्र्याला उत्तर द्यावंच लागलं.

---

मोडीची_गोडी

सासष्टीकार, स्थानिक माणसं पाद्री कधीपासून?

---

सासष्टीकार

पाद्री आधीपासून होते, पण मोठे संघ त्यांना सहसा घेत नसत आणि चांगल्या इगर्जी संघांच्या हातात. दिवाडीचा मातेउश द कास्त्रु १६३७ मध्ये रोममध्ये बिशप झाला, तरी गोव्यातल्या वरिष्ठांनी त्याला मानलं नाही. १७५९ मध्ये जेजुइटांना हाकललं आणि सासष्टीच्या इगर्जी स्थानिक पाद्र्यांकडं आल्या. वरच्या जागा मात्र गोऱ्यांनाच. १७८७ चं कांदोळीचं बंड याच रागातून पेटलं, पुढारी पाद्रीच होते. इगर्जीच्या शाळेतला मेस्त पोरांना अक्षरं आणि व्हायोलिन शिकवायचा, त्यातलीच पोरं पुढं पाद्री झाली, हेही विसरू नका.

---

निय्यत_६५

सासष्टीकारांचं कणीस वाचून आठवलं. आमच्याकडं नवीन जोंधळा घरात यायच्या आधी एक पेंढी मशिदीच्या खांबाला आणि एक मारुतीच्या देवळात. दोन्हीकडं पाटलाचा सालगडीच बांधून जायचा, एका खेपेत.

---

पंचांगकर

चार दिवस वाचतोय, आज लिहितो. आम्ही वतनदार जोशी, सोलापूर जिल्हा.

बलुतं बंद कसं झालं ते सांगतो. ७२ च्या दुष्काळात रासच लागली नाही. वडील सवयीनं दोन-तीन खळ्यांवर गेले आणि रिकामी पडशी घेऊन आले. पुढच्या सुगीला धान्य होतं, पण ते गेले नाहीत. आई म्हणाली जा, तर म्हणाले, एक वर्ष मागितलं नाही की मागायला तोंड उरत नाही. सुतार-लोहारांनी रोख मजुरी सुरू केली होती, आमच्या कामाला मजुरी ठरत नव्हती.

वेशीबाहेरच्या ताईंनी दक्षिणेवर पाणी शिंपडायचं लिहिलंय. ते ऐकीव नाही, ताई. माझ्या आजोबांना करताना मी पाहिलंय. वडिलांनी ते सोडलं. का सोडलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

पाडव्याला मारुतीच्या पारावर वर्षफल वाचायला मात्र ते शेवटपर्यंत गेले. पाऊस किती, धान्य किती, रोगराई किती. ऐकायला आधी सगळं गाव, नंतर म्हातारी माणसं, शेवटच्या वर्षी सातजण. त्यांतला एक आमच्या गावचा मुलाणी होता. त्याला पावसाचं ऐकायचं असायचं, कोरडवाहू सहा एकर होतं त्याचं.